ठेवीचं मडकं

"हे रोप आठ दिवसांत मरणार."

त्यांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य! पहिल्या भेटीत लोक काय काय गोड बोलतात म्हणे... माझ्या वाट्याला हे आलं. तेही ऐन अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, भर बारा वाजता, माझे हात चिखलानं भरलेले आणि कपाळावरून घाम ओघळत असताना.

मी वळून पाहिलं. चौकाच्या पायरीवर एक उंच, उन्हानं रापलेला तरुण उभा होता. धोतर स्वच्छ, खांद्यावर उपरणं, पण नखांत माती. भिक्षुकाच्या नखांत माती कशी, म्हणून मी बघतच राहिले. दर अक्षय्य तृतीयेला उदककुंभाचं, म्हणजे पाण्यानं भरलेल्या मडक्याचं दान घ्यायला बालाजी घाटावरचे दिनानाथभट आमच्याकडे अमृतराव घाटावर यायचे. या वर्षी त्यांचे गुडघे धरले होते, म्हणून त्यांनी मुलाला पाठवलं होतं. या मुलाचं नाव विश्वेश्वर.

"सणासुदीला जरा शुभ बोलावं," मी म्हटलं. "आज लावलेलं अक्षय्य होतं, ठाऊक नाही वाटतं?"

"कोकणात होत असेल. तिथे हवेत ओल असते, मधे वळीव पडतो. काशीत आता दीड महिना लू वाहणार, अंग भाजणारा वारा. मुहूर्त रोपाला कळत नाही हो... त्याला ऊन कळतं."

"हटिए, हमें काम करने दीजिए!"

मी चिडले की माझ्या तोंडून हिंदीच येतं. घरात आम्ही मराठी बोलतो, पण भांडायला मी गल्लीत शिकले. ते हसले. मी आणखी चार शब्द सुनावणार होते, तेवढ्यात माझं लक्ष दाराकडे गेलं. दारात आई उभी होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं हे ऐकायला नको होतं.

कारण ते रोप साधं नव्हतं. हिरव्या चाफ्याचं होतं. आईचं बारसं झालं त्या दिवशी आजोबांनी कोकणातल्या घरामागे हिरवा चाफा लावला होता. गेल्या पावसाळ्यात त्याच चाफ्याची एक फांदी मातीत दाबून त्यांनी कलम केलं, "सीतेला काशीला पाठवायचं" म्हणून. ते रुजलं, पण फाल्गुनात आजोबा गेले. पत्र आलं तेव्हा तेरावासुद्धा होऊन गेला होता. मामानं घर विकलं, मुंबई गाठली, आणि जुना चाफा नव्या मालकानं गोठ्यासाठी तोडला. उरलं ते एवढंसं रोप. केळीच्या सोपटात गुंडाळून, ओल्या पोत्यात घालून, यात्रेकरूंबरोबर तीन दिवस आगगाडीनं आलेलं. आल्याबरोबर लावायचं सोडून आम्ही शहाण्यांनी ते आठ दिवस मुहूर्तासाठी थांबवून ठेवलं होतं.

पत्र आल्यापासून आई रडली नव्हती. बोलायचीही नेमकंच. दोन घास खायची आणि उठायची. वैद्यबुवा म्हणाले होते, यांचा जीव कशात तरी गुंतायला हवा, नाहीतर कठीण आहे. रोप आलं तशी ती त्याच्याजवळ जाऊन बसायला लागली. आता जीव ज्यात गुंतला तेच आठ दिवसांत मरणार म्हणे!

बाबांनी संकल्प सोडून मडकं विश्वेश्वरांच्या हाती दिलं. जावयानं सासऱ्याच्या नावानं उदककुंभ द्यावा की नाही, यावर एरवी माझ्या बाबांनी, ढुंढिराजशास्त्रींनी, दोन तास चर्चा केली असती. त्या दिवशी आईकडे बघून त्यांनी गुपचूप देऊन टाकला.

विश्वेश्वरांनी मडकं घेतलं. निघायच्या ऐवजी ते आईकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "कुदळ आहे का घरात?"

"कशाला?" बाबा.

"हे मडकं रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरतो. कोरं आहे, त्यातून पाणी पाझरतं. मातीला जेवढी तहान तेवढंच पाणी झिरपतं, मुळांना हळूहळू मिळत राहतं. वरून ओतलेलं तर ऊनच पिऊन टाकतं."

"अरे, पण दिलेलं दान परत आमच्याच घरात?" बाबा दचकलेच. "ते कसं चालेल?"

"परत कुठे देतोय? मडकं माझंच. इथे नुसतं ठेवतो."

बाबांचे डोळे चमकले. शास्त्रात वाट सापडली की ते असेच चमकतात. "म्हणजे ठेव! हं... ठेव चालेल. पण मग या घरातल्या कोणी तिला हात लावायचा नाही. पाणीही तूच भरायचं."

"मीच भरीन. दर तिसऱ्या दिवशी पहाटेच्या नावेनं येईन."

"कुठून?"

"रामनगरहून. तिथे एका रईसांच्या बागेत काम करतो मी. भिक्षुकी... जमली नाही मला."

बाबांनी भुवया उंचावल्या. ब्राह्मणाचा मुलगा आणि माळीकाम! आणि मी... मी मात्र त्यांच्या नखांतल्या मातीकडे पुन्हा एकदा पाहिलं.

*

रोपाला तेव्हा चौदा पानं होती. मी रोज सकाळी मोजायची. देवाचं नाव घ्यायच्या आधी पानं. चौदा. तेरा. तेरा. अकरा.

दर तिसऱ्या दिवशी, उजाडता उजाडता, घाटाच्या पायऱ्यांवर चपला वाजायच्या. ते यायचे, मडक्यावर झाकण म्हणून ठेवलेली पणती उचलायचे, घागरीनं पाणी भरायचे. आई ओट्यावरून टक लावून बघायची. मी मदतीच्या नावाखाली घुटमळायची. मदत तरी काय करणार? मडक्याला हात लावायची बंदी!

"तुमच्या बागेतली झाडं अशीच वाळतात का?" मी एकदा विचारलं.

"त्याहून वाईट. आमच्या मालकांना इंग्रज साहेबाच्या मडमेला खूश करायचंय. विलायती फुलं हवीत, ती पण जेठात, भर उन्हाळ्यात! मी रोज सांगतो, सरकार, ही थंडीतली फुलं. ते म्हणतात, साहेबाचा हुकूम फुलांनाही लागू आहे."

मी खुदकन हसले. मग वाटलं, आई तिथे अशी बसलेली आणि मला हसू कसं येतं? मी घाईघाईनं पुन्हा पानं मोजायला लागले.

"मोजून वाढत नाहीत ती," ते हळू आवाजात म्हणाले.

"ठाऊक आहे. पण न मोजता राहवत नाही... तुम्हाला नाही कळायचं."

"मला नाही कळायचं? मी इथून परत जाताना नावेत बसून हेच करतो. आज किती होती, परवा पुन्हा दिसतील ना—" ते थांबले. "पानं म्हणतोय मी."

"मग मी कशाचं म्हणतेय?"

ते कानापर्यंत लाल झाले. पाणी जरा जास्तच ओतलं गेलं, मडक्याबाहेर.

पाचव्या खेपेला ते रोपाजवळ वाकले आणि तसेच राहिले. मातीला तांबड्या मुंग्यांची रांग लागली होती. त्यांनी चिमूटभर माती उचलून हुंगली.

"इथे दही कोणी सांडलं?"

"दही? इथे कशाला दही येईल?"

"आणि साखर. मधसुद्धा."

खरं सांगायचं तर मी रोज बाबांच्या पूजेतलं पंचामृताचं तीर्थ गुपचूप त्या बुंध्यात ओतत होते. एरवी ते तुळशीला जायचं. मला वाटलं, साक्षात महादेवाच्या अंगावरून आलेलं! तेही रोपाला वाचवणार नाही तर कोण वाचवेल? मडक्याला हात लावायचा नव्हता ना? मी कुठे लावला!

"मी... मीच घातलं. रोज. मी मारलं का हो त्याला? खरं सांगा. आईला कळलं तर... ती मला काही बोलणार नाही, तेच मला सहन होणार नाही."

रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण डोळे भरलेच. त्यांनी मागे वळून बघितलं, आई आत गेली होती. मग त्यांनी भराभर वरची आंबूस माती खरवडून काढली, चुलीतली राख मागून आजूबाजूला पसरली आणि बाबांच्या पूजेतले वाळके दर्भ आणि बेलाची पानं बुंध्याभोवती जाड अंथरली.

"दर्भ घातलेले चालतात. ओल धरून ठेवतात," ते म्हणाले. "पंचामृत मात्र महादेवालाच झेपतं. आणि रडू नका. इकडे या, बघा."

त्यांनी खोडावर नखानं अगदी हलकेच ओरखडा काढला. तपकिरी सालीखाली ओली हिरवी रेघ उमटली.

"आत हिरवं आहे. आत हिरवं असलं की मेलं म्हणायचं नाही."

मी त्या रेघेला बोट लावलं. त्यांचं बोटही तिथेच होतं. दोघांपैकी कोणीच लवकर उचललं नाही.

*

जेठ लागला आणि काशीची भट्टी झाली. दुपारी घाटाच्या दगडावर पाय ठेववेना. लू अशी वाहायची की दाराच्या कड्या चटके द्यायच्या. एका दुपारी बाबांनी आपल्या खोलीचा वाळ्याचा पडदा स्वतः सोडवून आणला आणि रोपाच्या पश्चिमेला बांधला. त्यांना उन्हाळा मुळीच सोसत नाही. पोथीवर घाम टपकत होता, पण एका शब्दानं कुरकुरले नाहीत.

तरी पानं गळत राहिली. सात. चार. एक दिवस एकच उरलं, कडेनं करपलेलं. दुसऱ्या दिवशी तेही नव्हतं. चौकात उभी होती एक वीतभर काडी. आईनं गळलेलं पान उचललं, ओच्यात ठेवलं आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. त्या दिवशी तिनं दोन घासही खाल्ले नाहीत.

मी मनात म्हणत होते, उद्या तिसरा दिवस. उद्या ते येतील. नख लावून बघतील, "आत हिरवं आहे" म्हणतील, आणि मी आईला हाताला धरून उठवीन.

ते आले नाहीत.

मी ऊन डोक्यावर येईपर्यंत घाटाच्या वरच्या पायरीवर उभी राहिले. नावा आल्या, गेल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. मग मात्र मी नाव वल्हवणाऱ्या मल्लाहाला गाठलं. "वो रामनगरवाले भैया क्यों नहीं आए?"

"अरे बिटिया, उनको तो लू लग गई. बगिया में गिर पड़े. बुखार उतर ही नहीं रहा."

मी घरी कशी आले ते मला आठवत नाही. त्या आठवड्यात आमच्याच गल्लीत दोघं लू लागून गेले होते. धडधाकट माणसं! मी मडक्यावरची पणती उचलली. तळाला जेमतेम ओंजळभर पाणी होतं. आणि तिथे बसल्या बसल्या मला कळून चुकलं की मी रोपासाठी रडत नव्हते. म्हणजे रोपासाठीही रडत होते, पण आधी त्यांच्यासाठी. ते बरे झाले नाहीत तर ही काडी फुलून उपयोग काय, असं मनात आलं, आणि आईची आठवण होऊन माझी मलाच लाज वाटली.

मडकं त्यांचं. ठेवीला हात लावणं पाप. बाबांनी असं सांगितलं की ते आमच्या घरात कायद्याहून मोठं. पण समोर ते मडकं कोरडं पडत होतं आणि माझ्या डोळ्यांपुढे एकच येत होतं, तिकडे त्यांचेही ओठ असेच कोरडे पडले असतील. त्यांना पाणी द्यायला मी तिथे जाऊ शकत नव्हते. मी उठले, घागर उचलली आणि मडकं काठोकाठ भरलं. दोन दिवसांनी पुन्हा. बाबा संध्येला घाटावर गेले की चोरासारखी.

*

नवव्या दिवशी चपला वाजल्या. अगदी सावकाश, मधेच थांबत.

ते पायरीवर आले आणि खांबाला धरून उभे राहिले. गाल बसलेले, डोळे खोल. मला धावत जावंसं वाटलं आणि पाय जागचे हलेनात. तोंडातून निघालं ते भलतंच.

"तुम्हालासुद्धा नख लावून बघायला हवं... आत हिरवं आहे का ते."

"आहे," ते म्हणाले. "तापात एकसारखं तेच डोक्यात होतं. मडकं कोरडं पडलं असेल."

"मडक्याचीच काळजी होती?"

"मडक्याशेजारी बसून पानं मोजणारीची."

इतक्यात मागून भांडं वाजलं. मी वळून पाहिलं तर... आई! आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेली माझी आई चुलीपाशी उभी राहून कैऱ्या उकडायला टाकत होती. "लू लागलेल्या माणसाला उन्हात उभं करतात का गं?" ती म्हणाली. "बसव त्याला. पन्हं करते."

तोवर त्यांनी मडक्यावरची पणती उचलली होती. आत पाणी काठोकाठ. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाबांनीही, पूजेवरून उठून, मडक्यात पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"कोणी भरलं?"

"मी." मी मान खाली घातली नाही. "इतके दिवस मीच भरलं बाबा. पाप लागायचं ते मला लागू दे. मला ते कोरडं बघवलं नाही."

बाबांनी पुन्हा वाकून मडक्यात पाहिलं. मला वाटलं, संपलं सगळं.

"पाप?" ते म्हणाले. "ठेव सांभाळायची म्हणजे नुसता हात लावायचा नाही, असं कुठल्या मूर्खानं सांगितलं तुला?"

"तुम्हीच."

"हं. अर्धंच सांगितलं मी. ठेव आपल्या हाताखाली वाया जाऊ दिली तर दोष ठेवून घेणाऱ्याला लागतो. तू वाचवलंस आम्हाला."

विश्वेश्वर काडीजवळ गुडघ्यांवर बसले होते. नख लावायची वेळच आली नाही. "आईसाहेब," त्यांनी हाक मारली, "जरा इकडे येता?"

मातीपासून दोन बोटं वर, साल फोडून, तांदळाच्या दाण्याएवढा एक कोंब वर आला होता. पोपटी, चकचकीत. आई वाकली. तिनं तो पाहिला, ओच्यातलं वाळकं पान काढून हातात धरलं आणि रडायला लागली. "माझे बाबा गेले गं शरू," म्हणत, मला घट्ट धरून, फाल्गुनापासून साठलेलं सगळं रडली. कैऱ्या चुलीवर फुटल्या तरी तिला उठवायची कोणाची हिंमत झाली नाही.

*

जेठाच्या अखेरीस पुरवाई सुटली. पूर्वेकडचा तो ओलसर वारा आला की लूचं राज्य संपतं. रोपाला आता नऊ पानं होती, आणि मोजताना मला भीती वाटत नव्हती. भीती दुसरीच होती.

"आता मडक्याचं काम संपलं," बाबा त्या सकाळी विश्वेश्वरांना म्हणाले. "तुझी ठेव घेऊन जा बाबा. मी मोकळा होतो."

म्हणजे उद्यापासून पायऱ्यांवर चपला वाजणार नाहीत! मी तुळशीमागे उभी राहून पदराचं टोक पिळत होते. विश्वेश्वरांनी मडक्याच्या कडेची माती बोटांनी उकरायला सुरुवात केली. दोन बोटं, चार बोटं... आणि थांबले.

"शास्त्रीबुवा, हे नेता येत नाही."

आम्ही सगळे वाकलो. मातीत, मडक्याच्या पोटाला, सुतासारखी पांढरी मुळं चहूबाजूंनी बिलगली होती. कुठे मडकं संपतं आणि कुठे रोप सुरू होतं, कळत नव्हतं.

"काढलं तर मुळं तुटतील," विश्वेश्वर म्हणाले.

"मग मी ठेव परत कशी करू?" बाबा खरोखरच काळजीत पडले. "परत तर करायलाच हवी!"

"तेच परत करता येत नसेल तर बदल्यात दुसरं द्यावं," आई म्हणाली आणि सरळ माझ्याकडे बघायला लागली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. "यांच्याकडचं काहीतरी आपल्याकडे रुजलंय, तर आपल्याकडचं काहीतरी यांच्याकडे रुजू दे."

"म्हणजे? मडक्याच्या बदल्यात मी?" मी ओरडलेच. "हटिए—" पण पुढचं हिंदी काही सुचेना.

"मी असं काही मागितलेलं नाही," विश्वेश्वर घाईनं म्हणाले.

"नाही मागितलंत?" मी विचारलं.

"म्हणजे... मागायची हिंमत नव्हती. शास्त्रीबुवांची मुलगी, आणि मी हा माळीकाम करणारा."

बाबांनी घसा खाकरला. "दानात मिळालेलं मडकं दुसऱ्याच्या दारात पुरून त्यात महिनाभर पाणी घालणारा माणूस मी पोथीतच वाचला होता. दिनानाथभटांशी मी बोलेन. पण आधी हिचं काय?"

विश्वेश्वर माझ्याकडे वळले. मातीनं भरलेले हात, अजून बसलेले गाल आणि डोळ्यांत अशी काळजी, जणू शेवटचं पान गळायला आलंय.

"शरदिनी... तुम्ही सांगा."

"नवं रोप एकदम रुजत नाही," मी म्हटलं. "सावली लागते. आणि पंचामृत ओतलं तरी रागवायचं नाही. कबूल असेल तर... मला यायचंय."

आईनं डोळे पुसले. विश्वेश्वर नुसते हसत राहिले.

"पण लग्न लगेच नाही हं!" बाबा पंचांगाकडे धावलेच. "चातुर्मास तोंडावर आला. आता तुळशीच्या लग्नानंतरच मुहूर्त."

"मुहूर्त रोपाला कळत नाही हो शास्त्रीबुवा," विश्वेश्वर कळवळून म्हणाले, आणि आई कित्येक महिन्यांनी खळखळून हसली.

बाबा काही बधले नाहीत. विश्वेश्वरांनी मुळांवर पुन्हा हलकेच माती ओढली, मडक्यावर पणती ठेवली आणि उठताना माझ्याजवळ थांबले.

"कार्तिकापर्यंत थांबायचं," ते पुटपुटले. "तोवर मी दर तिसऱ्या दिवशी येईनच."

"रोज," मी म्हटलं.